अ तुकडीतली थोरली

थोरली धाकटीपेक्षा जेमतेम काही मिनिटांनी मोठी होती, पण आईने त्या मिनिटांचा मान कधी सोडला नाही. "ताई म्हण तिला," असं ती धाकटीला बोबडं बोलायच्या वयापासून बजावत आली. दोघी जुळ्या, आणि तोंडवळा इतका सारखा की वडीलसुद्धा हाक मारण्याआधी क्षणभर थांबायचे आणि मग अंदाजाने कुणाला तरी बोलवायचे.

हायस्कूलमध्ये गेल्यावर शिक्षकांचा गोंधळ नको म्हणून दोघींना वेगळं केलं. मुख्याध्यापिकेने समोर उभ्या असलेल्या थोरलीला अ तुकडी दिली आणि तिच्या मागच्या धाकटीला ब. त्यात कुणाचा काही डाव नव्हता. पण आपण त्या सकाळी अर्धं पाऊल मागे असतो तर, हा विचार थोरलीच्या मनातून पुढे कधीच गेला नाही.

कारण होतं नागरिकशास्त्र. अ तुकडीला ते शिकवायला दोनओळी सर होते. हे नाव मुलांनी ठेवलेलं. कुठलाही प्रश्न असो, सर म्हणायचे, "उत्तर दोन ओळींत." नागरिक म्हणजे काय, दोन ओळी. मतदान का करावं, दोन ओळी. सर फळ्यावर लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची आणि तास संपायच्या आधीच अर्धा वर्ग पेंगायचा. माणूस वाईट नव्हता. त्यांना स्वतःलाच तो विषय इतिहासाच्या शेपटाला बांधलेला डबा वाटायचा.

ब तुकडीला गोलबाई होत्या. त्या आल्या आल्या बाकं गोलात लावायला सांगायच्या, म्हणून गोलबाई. अंगानेही गोल असल्यामुळे नाव पक्कं झालं. त्यांच्या तासाला पुस्तक शेवटी उघडायचं. आधी भांडण. खेळाच्या तासाला मैदान कुणाला मिळावं, उशिरा येणाऱ्याला शिक्षा असावी का, असली भांडणं. मग मतं मोजायची, आणि हरलेल्यांचं म्हणणंही फळ्यावर लिहायचं. एकदा ब तुकडीने ठराव करून मुख्याध्यापिकेकडे मुलींच्या संडासाला कडी मागितली. महिनाभर पाठपुरावा केला आणि कडी बसली.

त्या कडीने थोरलीचं डोकं फिरवलं. रोज मधल्या सुट्टीत ती तीच कडी लावायची, आणि रोज तिला वाटायचं की ही ब तुकडीची आहे, आपण उसनी वापरतोय. घरी धाकटी जेवताना हात हलवत सांगायची, "आज आम्ही बाईंचाच निर्णय पाडला!" आई हसायची, वडील कौतुकाने विचारायचे, "मग बाई काय म्हणाल्या?" थोरली ताटात मान घालून बसायची. अ तुकडीतलं सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

शेवटी तिने धाकटीला गळ घातली, "एक दिवस अदलाबदल करू." धाकटीला गंमतच वाटली. थोरली ब तुकडीच्या गोलात जाऊन बसली. शाळेच्या फाटकापुढे गाड्या उभ्या राहतात त्याचं काय करायचं, असा विषय होता. बाईंनी सगळ्यांना विचारत विचारत तिच्याकडे बोट केलं. ती ताडकन उठली आणि म्हणाली, "नागरिकांनी सार्वजनिक नियमांचं पालन करणं हे त्यांचं कर्तव्य आहे."

"हे पुस्तकाचं झालं," बाई म्हणाल्या. "तुला काय वाटतं?"

थोरलीने आत शोधलं. काहीच नव्हतं. कुणी तरी फिस्सकन हसलं. "बस," बाई प्रेमाने म्हणाल्या, "पुढच्या वेळी सांग." त्या प्रेमाने ती जास्तच जळाली. संध्याकाळी धाकटीने विचारलं, "मजा आली?" तर ती म्हणाली, "हे काय शिकवणं आहे? नुसता बाजार." आणि पाठ फिरवून झोपली.

शाळा संपली. धाकटी रंगांच्या एका मोठ्या दुकानात कामाला लागली आणि सुटी झाली की वस्तीच्या समितीत जाऊन बसू लागली. थोरली आईजवळ शिवण शिकली आणि बाजाराच्या चढावर तिने कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर नवं घालणं. हात इतका साफ की दुरुस्ती कुठे केली ते शोधून सापडायचं नाही. लग्न झालं, नवरा बेकरीत भट्टीवर होता, संसार नीट चालला होता. तक्रार करायला जागा नव्हती.

पहिल्यांदा मत द्यायचं वय झालं तेव्हा ब तुकडीतली पोरं जत्रेला जावीत तशी घोळक्याने रांगेत उभी होती. अ तुकडीतले एखाद-दुसरे दिसले. थोरली डोकं दुखतंय म्हणून घरी राहिली. पुढच्या वेळीही दुखलं. नंतर ती कारणही सांगेनाशी झाली.

खरा जाच रस्त्यावर सुरू झाला. धाकटीला सगळी वस्ती ओळखू लागली आणि तोंड तर दोघींचं एकच. भाजी घेताना, दुकानाचं शटर वर करताना कुणी तरी लगबगीने यायचं, "बरं झालं भेटलात! आमच्या गल्लीतला दिवा..."

"मी तिची बहीण," थोरली म्हणायची.

"असं होय." आणि समोरच्या चेहऱ्यावरचा उजेड कुणी फुंकर मारून घालवावा तसा जायचा. हे 'असं होय' तिने इतक्यांदा ऐकलं होतं की पुढे पुढे ती ते माणसाच्या ओठांवर येण्याआधीच ओळखायची.

एके दिवशी काठी टेकत एक आजी दुकानाशी आल्या. चढाच्या वरच्या टोकाला राहायच्या. दम खात म्हणाल्या, "तुम्ही रस्ता गाड्यांना बंद करणार म्हणे. चांगलंच आहे, पोरं खेळतील. पण बसथांबा खाली नेताय. मी हा चढ चढू कशी? तुमच्या बैठकीत कुणी विचारलं का हे?"

थोरलीच्या तोंडात 'मी तिची बहीण' आलंच होतं. ते तिने गिळलं. धाकटीने चूक केलीय. हा एकच विचार तिच्या डोक्यात लख्ख पेटला, आणि इतक्या वर्षांत झाला नव्हता इतका आनंद तिला झाला.

"मी बघते आजी," ती म्हणाली. अगदी धाकटीच्या सुरात.

आजींनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. थोरली नंतर बराच वेळ मशीन न चालवता बसून राहिली. लोक बहिणीला रोज असे हात देतात, हे तिला आज कळलं होतं. त्याने जळणं कमी झालं नाही, उलट आता त्याला चव आली.

बैठक वाचनालयाच्या हॉलमध्ये होती. नवरा म्हणाला, "तू? बैठकीला?" ती म्हणाली, "का, मला पाय नाहीत?" ती गेली आणि मागे जाऊन बसली. समोर टेबलाशी धाकटी होती, ब्लाउजवर कोट घातलेली; त्या कोटाचं अस्तर थोरलीनेच बदललं होतं. धाकटीने रस्त्याचा नकाशा दाखवला, फायदे सांगितले, विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

थोरली उभी राहून बोलूच लागली, तसं कुणी तरी म्हणालं, "आधी हात वर करा. नाव आणि पत्ता सांगा."

"तिला ठाऊक नाही होय माझं नाव?" थोरली फणकारली. "एकाच पाळण्यात होतो आम्ही."

हॉल खो खो हसला. धाकटीचे कान लाल झाले. थोरलीला वाटलं होतं की आपण थिजून जाऊ, पण त्या हसण्याने तिची जीभ सुटली.

"रस्ता बंद करा," ती म्हणाली, "पण हा नकाशा सपाट कागदावर काढलाय आणि रस्ता चढाचा आहे. माझ्या दुकानाच्या पायरीवर रोज म्हाताऱ्या माणसांची रांग असते. कपडे घेऊन कुणी येत नाही, दम खायला बसतात. आता ती खालपासून चालत येणार. त्यांना बसायला मी अजून किती पायऱ्या बांधू?"

पुन्हा हसू आलं, आणि त्यामागून टाळ्या. धाकटीने शांतपणे उत्तर दिलं की थांबा वर ठेवला तर बस वळायला जागा नाही, आणि बस येणार असेल तर रस्ता बंद होत नाही. ते खरं होतं. हात वर झाले तेव्हा बहुतेक हात धाकटीच्या बाजूने होते. थोरली हरली.

बाहेर पायऱ्यांवर धाकटीने तिला गाठलं. "ताई, हे मला घरी सांगता आलं नसतं?"

"घरी तू असतेस कुठे?"

"तुला म्हाताऱ्यांचं पडलंय की मला खाली बघायला लावायचं होतं?"

"दोन्ही," थोरली म्हणाली. मग आतलं सगळं एकदम वर आलं. "तुला गोलबाई मिळाल्या. मला काय मिळालं? दोन ओळी! तुला बोलायला शिकवलं, भांडायला शिकवलं, हरायला शिकवलं. आम्हाला झोपवलं. आणि आता सगळी वस्ती तुझ्या तोंडाला सलाम करते. तोंड माझंही तेच आहे!"

"तुला आई मिळाली," धाकटी हळू म्हणाली.

"म्हणजे?"

"शाळा सुटली की मी सभा घेत हिंडायचे. तू मशीनशी तिच्या शेजारी. तिच्या माहेरचं, वडिलांशी भांडलेलं, तिच्या मनातलं सगळं ती तुझ्याशी बोलली. मला म्हणायची, 'तुझं काय बाई, तुम्ही मोठी माणसं.' ती गेली तेव्हा मला तुझ्याकडून कळलं की तिला गाणं आवडायचं. मला तर अजून बटणही लावता येत नाही."

"ते मला माहीत आहे," थोरली म्हणाली. "तुझी सगळी बटणं मीच लावते."

धाकटी हसली, डोळे पुसले. "आणि आज लोक तुझ्याबरोबर हसले. मी बोलते तेव्हा जांभया देतात. मला ते अजून जमलेलं नाही."

धाकटी आपल्यावर जळते! थोरलीला आत गुदगुल्या झाल्या. त्या तिने चेहऱ्यावर येऊ दिल्या नाहीत. फक्त "चल, अंधारतंय" एवढंच म्हणाली.

रस्ता बंद झाला आणि लोकांना आवडला. थोरलीच्या दुकानापुढे वर्दळ वाढली, धंदाही वाढला, आणि बहिणीमुळे वाढला म्हणून तिला तो धड गोडही लागेना. पण आजी आता वर येताना दोनदा बसायच्या. थोरली पुढच्या बैठकीला गेली, त्याच्या पुढच्याही. नियम कुणी शिकवले नाहीत, ती चुकून चुकून शिकली. एकदा पालिकेत भलत्याच खिडकीशी उभी राहून तिने जन्ममृत्यूच्या कारकुनाशी बसथांब्यावरून वाद घातला. त्यानेच शेवटी कंटाळून बरोबर खिडकी दाखवली. हळूहळू तिची मागणी आकाराला आली. चढावर म्हाताऱ्यांसाठी एक छोटी, बॅटरीवर चालणारी, वर-खाली ये-जा करणारी गाडी.

पालिकेची निवडणूक आली आणि धाकटी उभी राहिली. तिच्या प्रचाराच्या पत्रकात तिसऱ्याच ओळीला ती छोटी गाडी होती. थोरलीने ते वाचलं आणि पत्रकाचा बोळा केला. मग तो उलगडून पुन्हा वाचला.

"माझी गाडी," ती नवऱ्याला म्हणाली. "माझी, आणि तिच्या तोंडी."

मतदानाच्या दिवशी ती सकाळीच रांगेत जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. परत आल्यावर नवऱ्याने भीत भीत विचारलं, "कुणाला दिलंस?"

"तिलाच. दुसरं कोण आहे त्या कामाचं?" ती चपला काढत म्हणाली. "तेच तर झोंबतं."

धाकटी निवडून आली. तिच्या नव्या ऑफिसात पहिली तक्रार घेऊन आली ती थोरली. धाकटी खुर्चीवरून उठली, "बस ना ताई."

"बसायला नाही आले. गाडी कधी?"

पुढे वर्षभर दर पंधरवड्याला थोरली तिथे दिसायची. धाकटीचे सहकारी तिला चुकवायला लागले, धाकटीही एकदा मागच्या दाराने गेली. पण गाडी आली. चढाच्या पायथ्याशी छोटा कार्यक्रम झाला. धाकटीने भाषणात सांगितलं की ही कल्पना माझ्या ताईची. लोक वळून थोरलीकडे बघू लागले. काठीवाल्या आजी गाडीत पुढच्या जागेवर बसल्या आणि गाडी चढाला लागली. मग धाकटीसाठी टाळ्या सुरू झाल्या. थोरलीनेही वाजवल्या. सगळ्यांच्या नंतर सुरू केल्या आणि सगळ्यांच्या आधी थांबवल्या.