बसल्या बसल्या डोंगर

राष्ट्रीय उद्यानाच्या रखवालदारांचे गणवेश शिंपीणबाईंनी जन्मभर शिवले, पण तिथल्या डोंगरातली आदिमानवाची गुहा काही पाहिली नव्हती. आज लेकाला घेऊन आल्या, तर रखवालदारानं पायऱ्यांपाशीच अडवलं.

"मावशी, गुडघे धरून चालताय. वर नाही झेपायचं."

"मी शिवलेली कॉलर ताठ करून मलाच अडवतोस होय रे?"

तो ओशाळला. "पाय घसरला तर?"

"उभी राहिले तर घसरेल ना," म्हणत बाई पायरीवर बसल्या आणि हातांवर भार देत, पाठमोऱ्या एकेक पायरी वर सरकू लागल्या.

"आई, लोक हसतायत," लेक कुजबुजला.

"हसू देत. त्यांचे गुडघे शाबूत आहेत अजून."

गुहेच्या भिंतीवर हजारो वर्षांपूर्वीचे हातांचे ठसे होते. बाई धापा टाकत बघतच राहिल्या.

"आता उतरायचं कसं?" लेकानं विचारलं.

"ते उतरताना बघू. आधी पोटभर पाहू दे मला."