आरमारी म्यानाची पाठवणी

अलिबागहून निघालो तेव्हा माझ्या छत्रीच्या पिशवीत छत्री नव्हती. एका जुन्या आरमारी अधिकाऱ्याच्या तलवारीचे रिकामे म्यान होते. काळे चामडे, पितळी टोक, तोंडाशी कोरलेला नांगर आणि त्याखाली आकडा. माझ्या भिंतीवर अशा तलवारी ओळीने टांगलेल्या आहेत, मधली एक खुंटी तेवढी मोकळी. या म्यानातली तलवार कुठे उलथली असेल, या विचाराने मी वर्षानुवर्षे हैराण होतो. अखेर एका मित्राने नागपूरकडच्या लग्नाचा फोटो पाठवला. नवरदेवाच्या हातात तीच तलवार, तोच नांगर, तोच आकडा, आणि टोकाला खोचलेले लिंबू! शंभर वर्षांच्या पात्याला लिंबू! माझी झोपच उडाली.

नागपूर स्टेशनाबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा) खाल्ले आणि मित्राने दिलेल्या पत्त्यावर, कोराडीला जायला रिक्षा केली.

"पिशवीत काय आहे गा भाऊ?" रिक्षावाल्याने विचारले.

"म्यान."

"आन तलवार?"

"तीच आणायला चाललोय."

कोळशाचे ट्रक धूळ उडवत पुढे जात होते आणि रिक्षावाला आरशातून माझ्यावर नजर ठेवून होता.

वीज केंद्राच्या वसाहतीत फोटोतल्या त्याच घरी, कुसुमताईंच्या दारी, पुन्हा मांडव पडला होता. त्यांच्या मुलाची, नीलेशची, हळद होती. तलवार त्याच्या मांडीवर, हळदीने पिवळी. कुसुमताईंच्या सासऱ्यांनी ती कुठल्याशा लिलावातून आणली होती. तेव्हापासून घरचा प्रत्येक नवरदेव कट्यारीऐवजी तीच मिरवतो.

मी मागणी घातली. कुसुमताई म्हणाल्या, "तलवार देत नसतो आमी. पोरं काय हाती धरतीन मग? झाडू?"

मी म्यान बाहेर काढले. नीलेशने लिंबू उपटले, पाते पुसले आणि आत सरकवले. खट्! सगळा मांडव ओरडला. माझ्या अंगावर काटा आला, खोटे कशाला सांगू?

"जमलं वं माय जोडपं!" कुणीतरी म्हणाले, आणि तिथेच माझा घात झाला. कारण कुसुमताईंनी लगेच हळदीकुंकवाचे ताट मागवले.

"आता हे आमची सून," म्हणत त्यांनी म्यानाला कुंकू लावले.

"अहो, पण ते माझं आहे!"

"होतं. लेक दिली का मंग तिले कोणी परत नेते का? काहून रुसून राहिले व्याही? जेवा आधी."

मला शेला पांघरला, नारळ दिला, मानाच्या पाटावर बसवला. पानात पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचा, जहाल) वाढला. पहिल्याच घासाला डोळ्यांतून धारा लागल्या. "व्याही रडून राहिले!" म्हणत बायकाही डोळे पुसू लागल्या. रस्सा तिखट होता हे खरे, पण सगळे पाणी काही त्याचे नव्हते. आलो होतो तलवार न्यायला आणि निघालो म्यानसुद्धा देऊन.

निघताना दारात मात्र मला सुचले.

"विहीणबाई, पहिला दिवाळसण मुलीच्या माहेरी असतो ना? जावई लेकीला घेऊन येतो?"

रीत कुसुमताईंनीच काढली होती, आता मोडणार कशी?

"येईन ना," त्या म्हणाल्या. "दिवाळीले दोघंही येतीन तुमच्याकडे."

परतीच्या गाडीत मी शेला पांघरून, मांडीवर नारळ घेऊन मोठ्या खुशीत बसलो. जावयाला सासरवाडीला थोडे जास्त दिवस ठेवून घेतले तर कोण काय म्हणणार? घरी येताच मधली खुंटी घासूनपुसून लख्ख केली.

संध्याकाळी कुसुमताईंचा फोन आला. "व्याही, लेक-जावई एकटे कसे येतीन? आमी सारेच येतो. पोराईले समुद्र पाहाचा आहे."

तेव्हापासून मी शेजारीपाजारी गाद्या मागत फिरतो आहे.