दुखवट्यातली चूल

ताटं वाढून झाली की सुमतीमावशी दारात उभी राहायची आणि डोळे मिटून मोठ्यांदा देवाचे आभार मानायची. शेजारच्या यंत्रमाग कारखान्यातल्या लूमचा खडखडाट तिच्या आवाजापुढे दबायचा. भिवंडीतल्या आमच्या चाळीत तिची खाणावळ होती. जेवायला येणारे सगळे लूमवरचे कामगार, बहुतेक उत्तरेकडचे मुसलमान. मावशी ख्रिस्ती, पण त्यांत ख्रिस्ती कुणीच नाही. तरी आभार झाल्याशिवाय घासाला कुणी हात लावायचा नाही. एकदा नवा आलेला एक जण म्हणाला, "आंटी, जल्दी करो, ड्युटी है." मावशीने डोळे न उघडता सांगितलं, "तेरा लूम किधर भागता नहीं. बैठ." तो बसला, आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच जेवला.

ऐंशी सालाच्या आसपास मी लग्न होऊन जवळच्याच वळ गावाहून या चाळीत आले. शाळेत शिकवायचे. आम्ही बौद्ध, देव मानायची रीत आमच्या घरात नव्हती. मावशीला मी हे पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, म्हणजे पुढे धर्मावरून बोलणं नको. ती म्हणाली, "बरं. सुकट खातेस ना? मग वाटी घेऊन ये." तो विषय तिने पुन्हा आपणहून काढला नाही.

तिचा नवरा प्रभाकर लूमवर जॉबर होता. बिघडलेले माग दुरुस्त करायचा. एके दिवशी शिफ्टवरच त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मूलबाळ नव्हतं. नगरहून दीर आला, नातेवाईक आले, दफन झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाची किटली घेऊन गेले, तर मावशी परातीत कणीक मळत होती. डोळे सुजलेले, केस तसेच बांधलेले. दीर तिच्यासमोर उभा होता.

"वहिनी, कालच माती दिली. आज चूल पेटवताय? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. पोरं कुठं जेवतील?"

"बरं, पेटवा. पण ते दारातले आभार आज नकोत. कशाचे आभार मानायचे? देवानं नवरा नेला तुमचा."

मावशीचे हात थांबले. हाताला चिकटलेली कणीक तिने खरवडून काढली. मग म्हणाली, "भावजी, त्यानं नेला का कसं झालं, मला ठाऊक न्हाय. ते मी त्याला विचारीन. भांडीन बी. पण काल तुम्ही सगळे झोपलात तवा माझ्यापाशी कोण बसलं होतं, ते मला ठाऊक हाय. त्याला आज घराबाहेर काढू?"

दीर दाराकडे वळला. चप्पल घालून निघून गेला.

दुपारी कामगार आले ते बिचकतच. आत पाय टाकावा की नाही, कुणालाच कळेना. मावशीने त्यांना बसवलं, वाढलं आणि दारात उभी राहिली. निम्म्यात तिचा आवाज फुटला. ती रडली, पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ताटावर झुकलेली एक मानसुद्धा वर झाली नाही. पंगत उठल्यावर दीर परत आला आणि मुकाट्याने जेवला.

तिचं हे वागणं चाळीतल्या बायकांना खटकलं. नवरा जाऊन महिना झाला नाही आणि ही भाकऱ्या थापताना गाणी म्हणते, असं त्या बोलायच्या. मलाही ते कोडंच होतं. एकदा तांदूळ निवडताना मी विचारलं, "मावशी, तुला खरंच आनंद होतो, की लोकांना दाखवायला?"

"दाखवायला ताकद लागते, ती कुठून आणू? रात्री उशीत तोंड खुपसून रडते मी. पण सकाळी उठते तर देव माझ्याआधी उठून बसलेला. मग गाणं येतं. आनंद म्हंजे हसणं न्हाय गं. हसणं तर कुणीबी बंद करील. हे बंद करून दाखव म्हणावं."

नव्वद सालानंतर तिच्या पोटात गाठ निघाली आणि खाणावळ बंद झाली. तोवर तिच्याकडे जेवणारे बरेच जण भिवंडीजवळच्या काल्हेर-राहनाळच्या गोदामांत कामाला लागले होते. ते तिथून तिला बघायला यायचे. एकदा कुणीतरी प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणाऱ्या एका माणसाला घेऊन आलं. त्याने डोक्यावर हात ठेवून बरीच प्रार्थना केली आणि मग म्हणाला, "बाई, तुमचा विश्वास कमी पडतोय. म्हणून गुण येत नाही."

मावशी भिंतीला टेकून उठून बसली. "दादा, तुम्ही चहा घ्या आन् जा. दुखणं माझ्या पोटात हाय, विश्वासात न्हाय. मी बरी झाले तरच देव माझ्यापाशी, असं ज्यानं तुम्हाला शिकवलं, त्यानं चुकीचं शिकवलं."

तो चहा न घेताच गेला. त्या दिवशी ती पोटाला हात लावून खूप वेळ हसत होती.

शेवटच्या आठवड्यात शाळा सुटली की मी तिच्यापाशी बसायचे. एका दुपारी तिने माझा हात धरला. मी विचारलं, "भीती वाटते?"

"वाटते की. पण एकटी न्हाय मी. हा काय, बसलाय."

मी खोलीभर बघितलं. खोटं बोलवेना. म्हटलं, "मावशी, मला कुणी दिसत नाही."

"तुला तो कशाला दिसायला पायजे?" ती म्हणाली. "मी दिसते ना तुला? मग मला बघ."

मी तिच्याकडे बघितलं. हाडांवर कातडी उरली होती, ओठ सुकले होते. आणि भिवंडीत इतकी वर्षं राहून, इतकी माणसं बघून, एवढा निवांत चेहरा मी दुसरा पाहिलेला नव्हता.