शेवंतावहिनी आणि मोटारशर्यतीचे सिनेमे

बातमी आली तेव्हा पडद्यावर लग्न चाललं होतं. मॅटिनीचा खेळ, खाली अर्धं थिएटर रिकामं, आणि मी वर केबिनमध्ये मशीनजवळ. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला लोखंडी जिना चढून आला. एरवी तो कधी वर येत नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "शेवंतावहिनी गेल्या गा." मी त्याच्याकडे बघितलं आणि मग रिळाकडे. सिनेमा चालवणाऱ्या माणसाला अशा वेळी मटकन खालीही बसता येत नाही. एक रीळ संपत आलं की दुसरं मशीन सुरू करावं लागतं, नाहीतर पडदा पांढरा होतो आणि पब्लिक खुर्च्या आपटायला लागतं. मी ते रीळ पार पाडलं, पुढचं लावलं, दुसऱ्या ऑपरेटरला निरोप धाडला, आणि तो येईपर्यंत त्या परक्या नवरीवर अक्षता पडताना बघत राहिलो... वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, "रडा भाऊजी, पण मशीन सांभाळून रडा."

त्याला आता काही आठवडे झाले. वहिनींबद्दल कुणीतरी लिहावं असं त्यांचे यजमान मेश्रामभाऊ म्हणाले, आणि "तूच लिही, तुले सारे सिनेमे पाठ हायेत" असंही म्हणाले. सिनेमे पाठ असण्याचा आणि लिहिता येण्याचा काय संबंध, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांना कोण विचारणार?

मी मालवणकडचा. आठवीत शाळा सुटली, मग मुंबईत आणि भुसावळला मशीन चालवायला शिकत शिकत नागपुरात पोचलो. इथे माझं कुणी नव्हतं. कामठी रोडला मेश्राम मिस्त्रींचं गॅरेज होतं आणि त्यामागे त्यांचं घर. घरातली एक खोली त्यांनी मला दिली, आणि जेवणाचं मी विचारायच्या आत वहिनींनी ताट वाढलं. थिएटरातल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांच्याकडे जेवतोस?" मी म्हटलं, "दोन वेळा." वहिनींना हे कसं कळलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून सकाळचा नाश्ताही सुरू झाला. पहिल्याच रात्री वांग्याच्या भाजीवरची लाल तर्री खाऊन माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "घरची आठवण येऊन राहिली का?" वहिनींनी विचारलं. भिडेखातर मी हो म्हटलं. मग आठवडाभर त्या माझी समजूत घालत होत्या आणि रोज तीच तर्री वाढत होत्या.

माझा स्वभाव मुळात भित्रा. मशीनचा आवाज जरा बदलला तरी मला वाटायचं, आता नोकरी गेली. मेश्रामभाऊ नेमके उलट. त्यांना कशाची भीती म्हणून नव्हती, आणि वेगाचं तर वेडच. एका मालगुजाराच्या गोठ्यात वर्षानुवर्षं कोंबड्या बसवायला वापरलेली जुनी विलायती मोटार त्यांनी उचलून आणली, तिचं छप्पर कापलं, हिरवा रंग दिला आणि जाहीर केलं की ही शर्यतीची गाडी आहे. वहिनींनी तिच्या बॉनेटवर मिरच्या वाळत घातल्या. "ऊन चांगलं लागते हिच्यावर," एवढंच त्या मोटारीबद्दलचं त्यांचं मत.

मग एका क्लबाने शहराबाहेरच्या माळावर, जुन्या पडीक धावपट्टीला वळसा घालून, खरोखरच मोटारशर्यत ठेवली. भाऊंनी नाव दिलं. वहिनींनी मिरच्या उचलल्या आणि म्हणाल्या, "आधी मले दाखवा, रेस म्हंजे काय असते ते. मंग जा." शर्यत काय गांधीबागेतलं कापड आहे, की उलगडून दाखवायचं? भाऊंनी सोपा मार्ग काढला. आमच्याच टॉकीजला तेव्हा मोटारशर्यतीचा एक हिंदी सिनेमा लागला होता. भाऊ बायकोला घेऊन आले.

मला तो सिनेमा पाठ होता, आणि म्हणूनच वर केबिनमध्ये माझं लक्ष मशीनपेक्षा वहिनींकडेच होतं. त्यात हिरोचा जिवलग मित्र शर्यतीत मोटारीसकट दरीत कोसळतो. मोटार आधी लोळण घेते, मग पेटते, मग पुन्हा लोळण घेते, आणि इकडे त्याची बायको खांबावर बांगड्या फोडते. केबिनच्या भोकातून मी बघितलं, तर वहिनी उभ्या राहिल्या होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, "बसा ना बाई!" वहिनींनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. भाऊंना म्हणाल्या, "चला घरी." आणि घरी आल्यावर एकच वाक्य, "मिस्त्री, तुमी त्या मोटारीत बसान, तं मी चालली हुडकेश्वराले." हुडकेश्वर त्यांचं माहेर. तेव्हा तिथे नुसती शेतं होती, पण वहिनींच्या बोलण्यात ते सातासमुद्रापार होतं.

पुढचे काही दिवस घरात शांतता. भाऊंना पोळी मिळायची पण बोलणं मिळायचं नाही. शेवटी भाऊ माझ्या खोलीत येऊन खाटेवर बसले. "सिनेमा खोटा असते, हे तिले तूच सांग गा. तुह्या हातात आहे ना तो." केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला आणायची सक्त मनाई होती. मी तसं सांगितलं. भाऊ म्हणाले, "बाहेरची? तुही वहिनी बाहेरची हाय?" मी दोन वेळा जेवत होतो, शिवाय नाश्ता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी, वहिनी पदर खोचून लोखंडी जिना चढल्या. मी शर्यतीचं रीळ टेबलावर घेतलं, फिल्मची पट्टी दिव्यासमोर धरली आणि वहिनींच्या हातात भिंग दिलं. त्या रिळाच्या पेटीवर बसल्या. तांदूळ निवडावेत तसं एकेक चित्र बघू लागल्या. दरीत पडणाऱ्या मोटारीत माणूसच नव्हता. खालचं झाड मोटारीएवढं होतं. वहिनींनी भिंग जवळ नेलं, लांब नेलं, आणि म्हणाल्या, "अवं माय! हे तं कोथिंबीर हाय!" आणि खरंच, ती कोथिंबिरीची काडी होती, आणि मोटार खेळण्यातली. पडद्यावर इतके दिवस मला ते वडाचं झाड वाटत होतं. मग त्यांना चटकच लागली. हिरो सरळ रस्त्यावर स्टिअरिंग गरागरा फिरवतोय. वाऱ्याने केस उडत नाहीत. त्याच्या मागून एक म्हैस जाते, मग थोड्या वेळाने तीच म्हैस पुन्हा जाते. "म्हैस बी रेसमधी हाय का?" वहिनी म्हणाल्या. भाऊ आनंदाने टेबलावर थापा मारत होते. "सांगत होतो ना वं! गिअर तं पाह्य, पायरी चढल्यासारखा टाकून राहिला, टाकून राहिला... एवढे गिअर मालगाडीले बी नसतात!"

आणि दारात आमचे मॅनेजर.

नोकरी गेली, खोली गेली, आता मालवणची गाडी, एवढं सगळं मला एका क्षणात दिसलं. वहिनी मात्र पेटीवरून उठल्यासुद्धा नाहीत. "या साहेब," त्या म्हणाल्या, "तुमाले फसवलं हाय. माल नकली हाय, वापस करा." मॅनेजरने वहिनींनी पुढे केलेलं भिंग घेतलं. बराच वेळ वाकून बघितल्यावर ते एवढंच म्हणाले, "कोथिंबीर..." आणि जिना उतरून गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटतं, ते त्या सिनेमात रडलेले होते.

जिना उतरताना वहिनींनी भाऊंना विचारलं, "मंग खरी कशी असते?" भाऊंनी खूप विचार केला. "खरी... तूच ये ना पाह्याले." वहिनी कबूल झाल्या.

शर्यतीच्या दिवशी वहिनींनी पांढरं लुगडं नेसलं. धम्मदीक्षेच्या वर्षी घेतलेलं, मोठ्या दिवसांसाठी राखून ठेवलेलं. हातात डबा, बरोबर मी. माळावर दोर बांधले होते, लोक शेंगदाणे खात होते, आणि लाउडस्पीकरवरून कोणीतरी सतत "हॅलो हॅलो" म्हणत होतं. झेंडा पडला. मोठा आवाज झाला, सगळ्या मोटारी धुळीचा एक ढग होऊन पुढे सरकल्या आणि दूरच्या बाभळींमागे गेल्या. संपलं. पुढे माळ रिकामा. बऱ्याच वेळाने तो ढग आमच्यासमोरून पुन्हा गेला. "आपली कोणती होती?" वहिनींनी विचारलं. मला काय माहीत? सगळ्याच मातीच्या रंगाच्या झाल्या होत्या. तिसऱ्यांदा ढग बाभळींमागे गेला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "यापेक्षा सिनेमा बरा. इंटरवल कधी हाय?"

त्यानंतर मोटारी आल्या त्यात हिरवी नव्हती. हे आम्हा दोघांना एकदमच कळलं, कारण तोवर ढग विरळ झाला होता आणि मोटारी मोजता येत होत्या. पुन्हा एक फेरी. हिरवी नाही. लोक आपले शेंगदाणे खातायत. वहिनींच्या हातात डबा होता, त्याची कडी त्यांनी घट्ट धरलेली. नजर बाभळींवर. मी म्हटलं, "इंजिन गरम झालं असेल वहिनी." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, सिनेमा असता तं आता मले दाखवलं असतं ना, ते कोठी हायेत ते?"



मग त्या दोराखालून वाकून चालू लागल्या. पांढरं लुगडं, हातात डबा, सरळ शर्यतीच्या मधून. झेंडेवाला धावत आला, "बाई, मोटारी येऊन राहिल्या!" "येऊन राहिल्या तं येऊ दे. एकीले तरी माह्या नवऱ्याचं विचारते." मी त्यांच्या मागे पळत होतो. बाजूने एक मोटार गेली आणि आम्ही दोघे डोक्यापासून पायापर्यंत लाल झालो. वहिनींनी तोंड पुसलं आणि तशाच पुढे.

बाभळीखाली हिरवी मोटार उभी होती. भाऊ बाजूला उकिडवे, हात कोपरापर्यंत काळे. झालं होतं असं, की भाऊ चांगले पुढे होते. वळणावर दुसऱ्या एका स्पर्धकाची मोटार बंद पडलेली, बॉनेट उघडं, तो बिचारा आत डोकावतोय. मिस्त्री माणूस उघड्या बॉनेटपुढून तसाच कसा जाईल? भाऊ थांबले. उतरले. त्याचं इंजिन नीट केलं, त्याला ढकलून चालू करून दिलं. तो गेला. आणि यांची स्वतःची मोटार मात्र परत सुरू होईना. तेवढ्यात लाउडस्पीकरवर दुसऱ्या नंबरात आलेली मोटार पुकारली. भाऊंचा चेहरा उजळला. "त्याचीच! पाह्य, कशी पळवली मी!"

वहिनींनी बघून घेतलं. डोकं जागेवर, हात-पाय जागेवर. "रेस करून राहिले होते का दुकान मांडलं होतं?" म्हणाल्या, हसल्या, आणि हसता हसता तिथेच मातीत बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत. भाऊ "काय झालं वं?" म्हणत काळे हात मागे लपवून उभे. मग वहिनींनी डबा उघडला आणि आम्ही तिघांनी तिथेच जेवून घेतलं. भाजीत माळाची माती आली होती. त्या लुगड्याची धूळ पुढे कितीही धुतलं तरी गेली नाही.

यानंतर शर्यतीचा सिनेमा लागला की मी घरी सांगायचो आणि दोघं यायची. भाऊ टायर, गिअर, आवाज यांवर बोलायचे. वहिनींची कसोटी वेगळी. "त्याची बायको पाह्य. सगळ्यात पुढची खुर्ची, डोळ्याले दुर्बीण, सारं दिसून राह्यलं तिले. अन् साडीवर धूळ नाई. काहून नाई? रेस खोटी!" आजूबाजूचे लोक आधी शुक् शुक् करत, नंतर नंतर मुद्दाम त्यांच्याजवळची खुर्ची मागत. एकदा एक इंग्रजी सिनेमा लागला. खऱ्या गाड्या, खरा गोंगाट, भाषा कुणालाच कळत नव्हती. भाऊ हात जोडल्यासारखे बसले होते. त्यात एका ठिकाणी एक बाई रिकाम्या रस्त्याकडे नुसती बघत उभी राहते. मोटारी नाहीत, संगीत नाही, बोलणं नाही. फक्त बाई आणि रस्ता. पब्लिकने शिट्या मारल्या, कुणीतरी मलाच ओरडून सांगितलं की रीळ अडकलंय. केबिनच्या भोकातून मी वहिनींना शोधलं. त्या खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "इंग्रज लोकायले कोणीतरी सांगितलं वाटते."

भाऊंनी शर्यत पुन्हा केली नाही. वहिनींनी मना केलं म्हणून नव्हे, एवढंच सांगतो. पण गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्त झाली की तिला नाक्यापर्यंत पळवून आणणं हे मिस्त्रीचं कामच. त्यावर वहिनींनी कायदा केला. परत येताना वळणावर हॉर्न द्यायचा, म्हणजे दिसलं नाही तरी कळेल. आणि कळलं हे भाऊंना कळावं म्हणून वहिनी स्वयंपाकघरातून तव्यावर उलथनं वाजवायच्या. टण टण. वस्तीतल्या नव्या भाडेकरूंना वाटायचं, मिस्त्रीच्या घरी रोज भांडण होतं.

परवा रविवारी मी गॅरेजात बसलो होतो. भाऊ एक स्कूटर घेऊन नाक्यापर्यंत गेले. थोड्या वेळाने वळणावर हॉर्न वाजला. मग नुसताच इंजिनाचा आवाज, तिथल्या तिथे. पुन्हा हॉर्न. मी उठून बघितलं. भाऊ वळणावर पाय टेकून उभे होते, मागे एक टांगा आणि दोन सायकली खोळंबलेल्या, टांगेवाला काहीतरी ओरडत होता. भाऊ घराकडे बघत होते, पुढे येत नव्हते... मी आत गेलो. तवा मांडणीवर पालथा होता. उलथनं सापडायला वेळ लागला. मी ते जोरात हाणलं, दोनदा.

स्कूटर आली. भाऊंनी ती स्टँडला लावली, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"हळू वाजव गा. तिचा तवा हाय तो."