इथे एकदाच विचारतात

अमेरिकेत, वुस्टरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी माझी जागा स्वतःच्या तोंडाने घालवली.

ज्यांच्या लॅबसाठी नागपूर सोडलं, त्या प्रोफेसरांनी मला ऑफिसात बोलावलं होतं. आधी त्यांनी कॉफी विचारली. "नको, नको," मी म्हटलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण पहिल्या खेपेला हो कोण म्हणतं? मग ते म्हणाले, "लॅबमध्ये एक जागा आहे. या सेमिस्टरपासून येशील?" आणि मी शहाणी, मान खाली घालून म्हणते, "तुम्हाला उगाच त्रास नको. नंतर बघू." आता ते आग्रह करतील म्हणून मी थांबले. ते "ओके" म्हणाले आणि स्क्रीनकडे वळले.

सोमवारी माझ्याच वर्गातली एक मुलगी पांढरा कोट घालून त्या लॅबमध्ये उभी. बाप्पा! मला असा राग आला! ती लॅब पाण्यातलं फ्लोराइड काढायचं काम करते. आमच्या आजोळच्या विहिरीत तेच फ्लोराइड आहे. त्या पाण्याने माझ्या मामाचे गुडघे चाळिशीतच वाकले. लॅब नाही तर थिसिस नाही, आणि थिसिस नाही तर मी इथे आले कशाला? "माणसाने दुसऱ्यांदा विचारू नये का? काही रीतभात?" रूममेटला मी दोन दिवस हेच ऐकवलं. तिने शेवटी हेडफोन लावले.

शनिवारी शेजारच्या गावी, श्रूजबरीच्या काकूंकडे जेवायला गेले. आईच्या मैत्रिणीची ही थोरली बहीण, रिटायर्ड डॉक्टर, चाळीस वर्षं इथेच. त्यांनी गोळाभात केला होता. एकदा वाढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी वाढू?"

"नको काकू, पुरे."

काकूंनी झाकण घातलं आणि भांडं सरळ फ्रिजमध्ये ठेवलं. मी फ्रिजच्या दाराकडे बघतच राहिले.

काकू खो खो हसल्या. "भूक आहे ना? मग हो म्हण की! इथे एकदाच विचारतात. मीही पहिल्या वर्षी हॉस्पिटलात नको-नको करत बसले, हवी ती पोस्ट दुसरीला गेली."

मग मी सगळं सांगितलं. काकूंनी भांडं परत काढलं, गरम केलं, माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, "तो वाईट नाही गं. त्याने तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच."

हे फार लागलं. लागलं म्हणूनच सोमवारी पुन्हा प्रोफेसरांच्या दारात उभी राहिले. आज मागे फिरायचं नाही असं घरूनच ठरवून निघाले होते.

"सर, मी नको म्हटलं ते खरं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"आमच्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात. पुन्हा विचारलं की हो म्हणायचं. तुम्ही पुन्हा विचारलंच नाही."

"पण ती जागा भरली."

"माहीत आहे. तरी मला हवी आहे." जन्मात कुणापुढे असं बोलले नव्हते. पण मी थांबले नाही. मामाच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. पुढची जागा मला द्या म्हटलं, तोवर लॅबच्या मीटिंगला बसू द्या. नाही म्हणालात तर दर सोमवारी येऊन विचारीन, हेही सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा परत घातला. "शुक्रवारी सकाळी आठला मीटिंग असते," ते म्हणाले. "ये. जानेवारीत एक जण जातोय, ती जागा तुझी."

मला रडू आलं. ते लपवायला मी उगाच बॅग चाचपू लागले. त्यांनी उठून कॉफीचं भांडं उचललं.

"कॉफी?"

"नको, नको," मी म्हटलं. मेली सवय!

ते हातात भांडं धरून तसेच थांबले. मग अगदी गंभीर चेहऱ्याने त्यांनी पुन्हा विचारलं, "कॉफी?"