आठ मिनिटांच्या गाण्याचा सौदा

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत एक संध्याकाळ ‘माझं आवडतं गाणं’ म्हणून राखून ठेवलेली असते. प्रत्येक घराने एक गाणं निवडायचं आणि स्पीकरवर लावायचं, की मग आरती. बाकीच्या घरांतून भावगीतं येतात, नाट्यपदं येतात, जुनी हिंदी गाणी येतात. माझ्या घरून मेटल येतं, म्हणजे ढणढणाटी रॉक. म्हणजे यंदापर्यंत एकदाच आलं होतं, आणि तेही अर्धं.

ते अर्धं का राहिलं ते सांगतोच, पण आधी ही गाणी माझ्याकडे कशी आली ते सांगायला हवं. लोकांचा समज आहे की मी चिडका आहे म्हणून असलं ऐकतो. खरं म्हणजे मला ती पंख्याच्या बदल्यात मिळाली.

वडील जळगावकडून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. मी बेताचं शिकलो आणि मकरपुऱ्याला विजेच्या जळक्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका कारखान्यात लागलो. सुटीच्या दिवशी घरी पंखे दुरुस्त करायचो. एकदा होस्टेलवर राहणारा एक विद्यार्थी जळका टेबल फॅन घेऊन आला. दुरुस्त झाल्यावर म्हणाला, पैसे पुढच्या महिन्यात देतो.

“पुढचा महिना मला माहीत नाही,” मी म्हटलं. “आत्ता काय आहे तुझ्याकडे?”

त्याच्या पिशवीत कॅसेटी होत्या. “रॉक आहे. तुला झेपणार नाही.”

“ते मी बघतो. दोन दे.”

“एका पंख्याला दोन?”

“एक वाइंडिंगची, एक बेअरिंगची.”

त्याने कुरकुरत दिल्या. आज रावपुऱ्यात माझं स्वतःचं पंप आणि मोटारींचं दुकान आहे, तिथे मोठे मोठे सौदे झाले. पण त्याच्याइतका फायद्याचा दुसरा झाला नाही.

पहिल्या कॅसेटवरचं पहिलंच गाणं नुसत्या बेस गिटारवर सुरू व्हायचं. जड बूट घातलेला कोणी घाई न करता जिना चढून येतोय असं वाटायचं, आणि आपण दाराकडे बघत राहायचो. दुसरं एक होतं, त्यात गायक इतक्या मऊ आवाजात सुरू करायचा की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “हे बरं आहे रे.” तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ड्रमवाला दार तोडून आत यायचा. तिसऱ्याचा ठेका थेट आमच्या कारखान्यातल्या पत्रे कापणाऱ्या पॉवर प्रेससारखा, फक्त त्यावर मान हलवता यायची. प्रेससमोर मान हलवली तर फोरमन हाकलून देई.

शब्द मला आजही निम्मेच कळतात. पण ही गाणी म्हणजे बाजारातली घासाघीस आहे हे मला तेव्हाच कळलं. आधी गोडीत बोलणं, मग आवाज चढवणं, मग दोघांनी एकदम बोलणं, आणि शेवटी कुणीतरी ऐकून घेणं.

यातलं माझं सगळ्यात लाडकं गाणं दुसऱ्या कॅसेटच्या शेवटी होतं. आठ मिनिटांच्या थोडं वर. निम्म्यापर्यंत सगळे जीव तोडून वाजवतात आणि मग एकदम गप्प होतात. काही नाही. नुसती शांतता. टेप अडकली असं वाटून मी पहिल्यांदा बटण दाबायला उठलो होतो. तेवढ्यात एकटी गिटार हळूच परत आली, आणि पुढे जे काही होतं त्यासाठी मी ही आठ मिनिटं आजपर्यंत किती वेळा खर्च केली याला गणती नाही. दुकान घातल्यावर या शांततेचा अर्थ लागला. गिऱ्हाईक “नको मग” म्हणून पायरी उतरतं, तेव्हा आपण काही बोलायचं नसतं. जो आधी बोलतो तो हरतो. हे त्या गिटारवाल्यांना कुठून माहीत होतं कोण जाणे.

आता ती संध्याकाळ. काही वर्षांपूर्वी मी हेच गाणं सोसायटीत लावलं. लोक शांतपणे बसले होते. मग मधली शांतता आली, आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष उठून उभे राहिले. हे निवृत्त शिक्षक; सगळी सोसायटी त्यांना सर म्हणते. त्यांनी “छान, छान” म्हणून टाळ्या वाजवल्या, आरतीचं ताट उचललं, लोक उभे राहिले, आणि स्पीकरवाल्याने गाणं बंद केलं. माझं गाणं जिथे खरं सुरू होतं तिथेच त्यांनी ते संपवलं.

मी तिथेच आवाज चढवला. सर म्हणाले, “अहो, पण ते थांबलं होतं.”

“थांबलं होतं, संपलं नव्हतं!”

तेव्हापासून त्या संध्याकाळी मी घरीच बसत आलो. जिन्यात सर भेटले की मी त्यांना ते वाक्य पुन्हा ऐकवायचो. बायको म्हणायची, “अहो, पुरे आता.” मला पुरे वाटत नव्हतं.

यंदा सर माझ्या दुकानात आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला, पंपांकडे कौतुकाने बघितलं. काहीतरी मागायला आलेला माणूस मला लांबून ओळखू येतो.

“मंडपवाला, स्पीकरवाला, फुलं, सगळ्यांशी भाव तुम्हीच करावेत असं मंडळाचं मत आहे,” ते म्हणाले. “तुमच्यासारखं कुणाला जमत नाही.”

“माझं गाणं पूर्ण वाजणार असेल तर करतो.”

“चार मिनिटं.”

“आठ.”

“अहो, सगळ्यांची तीन-तीन मिनिटांची असतात. पाच घ्या.”

“सर, पाचव्या मिनिटाला ते शांत असतं. पाच घेऊन मी काय करू?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मीही नाही. शेवटी तेच म्हणाले, “बरं, आठ. पण एका अटीवर. विसर्जनापर्यंत तुम्ही कुणावरही आवाज चढवायचा नाही. मागच्या वर्षी तुमचं ओरडणं ऐकून मंडपवाला बांबू टाकून निघून गेला आणि आम्ही सगळ्या पेन्शनरांनी मिळून मंडप बांधला. माझी कंबर अजून दुखते. आवाज चढला की गाणं रद्द.”

अशी अट मला आजवर कुणी घातली नव्हती. मी हात पुढे केला.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मंडपवाल्याने ठरलेल्या पिवळ्या कापडाऐवजी हिरवं आणलं. मी हसून म्हटलं, “भाई, हे बदलून आणाल का?” तो इतका घाबरला की जेवायच्या आत पिवळं घेऊन परत आला. खंडेराव मार्केटात माझी ओळखीची फूलवाली आहे. इतक्या वर्षांत तिच्याशी भांडल्याशिवाय मी झेंडू घेतलेला नाही. मी हळू आवाजात भाव विचारला तशी ती टोपली बाजूला ठेवून म्हणाली, “शेठ, तबियत तो सारी छे ने?” आणि मला बरं नाही असं समजून आपणहून भाव उतरवला. घरी बायको म्हणाली, “अहो, निदान माझ्यावर तरी थोडं ओरडा. घर रिकामं रिकामं वाटतंय.”

“सौदा आहे,” मी म्हटलं.

“त्या गाण्यासाठी? इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. डोकं उठतं माझं.”

शेवटी ती संध्याकाळ आली. तीन भावगीतं झाली, एक नाट्यपद झालं, ज्यावर सरांनी डोळे मिटून मान डोलावली. मग माझं नाव पुकारलं गेलं आणि माझं गाणं सुरू झालं. पहिल्या ठोक्याला समोरच्या आजींनी पदराने कान झाकले. खालच्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ मात्र चप्पल हळूच जमिनीवर आपटत होते. ठेका बरोबर होता. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. पुढे काय येणार हे मला माहीत होतं, आणि त्याचीच भीती होती.

शांतता आली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघेतिघे उठले. कुणीतरी निरांजन पेटवायला काडेपेटी शोधू लागलं. स्पीकरवाला नवा होता. त्याने गुजरातीत विचारलं, “पती गयुं?”, म्हणजे संपलं का, आणि त्याचा हात बटणाकडे गेला. मी ओरडायला खुर्चीतून अर्धा उठलो. ओरडलो तर सौदा मोडतो, नाही ओरडलो तर गाणं जातं. मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडेच बघत होते.

“एय! बंध ना करतो! हजी बाकी छे!”

हा आवाज माझा नव्हता. बायकांच्या रांगेतून माझी बायको उभी राहिली होती, हातात प्रसादाचा डबा. “बसा सगळे खाली! अजून आहे ते! एवढ्यात गिटार येईल!”

सगळी सोसायटी खाली बसली. स्पीकरवाल्याने हात असा मागे घेतला जणू बटण तापलं होतं. आणि गिटार आली. एकटी, हळूच, तिने सांगितल्याप्रमाणे. मग ड्रम, मग सगळे. शेवटपर्यंत वाजलं. मी एकदाही मान हलवली नाही, कारण हलवली असती तर डोळ्यांतलं पाणी लोकांना दिसलं असतं.

आरतीनंतर मी सरांजवळ गेलो. “आवाज चढला, पण माझा नाही.”

“घरच्यांबद्दल आपलं काही ठरलं नव्हतं,” ते म्हणाले. “चूक माझी. सौदा करताना लक्षात यायला हवं होतं.” मग प्रसादाचा लाडू मोडत पुढे म्हणाले, “आणि खरं सांगू का, मधला तो भाग मला आवडला. जिथे कुणी काही वाजवत नाही तो.”

विसर्जन झालं नव्हतं म्हणून मी यावर काही बोललो नाही. घरी येताना जिन्यात बायकोला विचारलं, “गिटार केव्हा येते ते तुला नेमकं कसं माहीत?”

“इतकी वर्षं त्या शांततेत कुकरची शिट्टी ऐकू येते मला,” ती म्हणाली. “तेवढ्यातच काय ते. गिटार आली की पुन्हा काही नाही.”

त्या जुन्या संध्याकाळचं मी सरांना माफ केलेलं नाही. पुढच्या वर्षी भाव करायला बोलावतील तेव्हा माझ्याकडे एक दहा मिनिटांचं आहे.