गोल केल्याबद्दल क्षमस्व

सोळा वर्षांत अकरा क्लब! पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या विंचवालाही घेरी आली असती. शिवाय विंचवाला निदान नांगी असते, ह्या माणसाला तीही नव्हती. सहकारी त्याला बिऱ्हाडकरू म्हणत आणि तो मुकाट्याने ओ देई. कुठल्याही संघात चारसहा महिन्यांत हे नाव आपोआप पडायचं. आधीच्या गावाहून कुणी कळवत नसे, तरी पडायचं.

तो मैदानाच्या मधोमध खेळायचा. फुटबॉलमधला मिडफिल्डर म्हणजे घरातला मधला भाऊ. मागच्या थोरल्यांनी ढकललेलं घ्यायचं, पुढच्या धाकट्यांना नीट करून द्यायचं, आणि कौतुक झालं की धाकट्याचं, चुकलं की आपलं. ह्या कामात तो वाकबगार होता. त्याचा पास कधी फार सुंदर नसे, पण कधी हरवतही नसे. टपाल खात्यासारखा माणूस, हळू पण पोचणारा.

नव्या क्लबात पहिल्या दिवशी पत्रकारांसमोर बसवलं की त्याचं भाषण ठरलेलं असे. "लहानपणापासून माझं एकच स्वप्न होतं, ह्या क्लबकडून खेळायचं." बायको टीव्हीवर ऐकत ऐकत खोकी उघडत असायची.

"एका माणसाची अकरा एकुलती एक स्वप्नं," ती म्हणायची.

"बाबा," मुलगी विचारायची, "लहानपणी तू झोपेतून उठायचास तरी कधी?"

भाषणानंतर शर्टावरच्या क्लबच्या चिन्हाचं चुंबन घ्यायचं. पाचव्या क्लबात घाईघाईत त्याने टायर कंपनीच्या जाहिरातीचं घेतलं. क्लब नाराज झाला, पण टायर कंपनीचं आभाराचं पत्र आलं.

पण त्याची खरी ख्याती होती ती माफीसाठी. फुटबॉलवाल्यांत एक रीत आहे. ज्या क्लबचं मीठ खाल्लं, त्याच्याविरुद्ध गोल झाला तर आनंद करायचा नाही. नाचायचं नाही, शर्ट फिरवायचा नाही. दोन्ही पंजे छातीपाशी उचलायचे, मान खाली घालायची, की जुन्या लोकांना वाटतं, पोरगा विसरला नाही. एकदोन क्लब खेळलेल्यांना हे वर्षातून एखाद्या वेळी करावं लागतं. ह्याची गोष्ट वेगळी होती. चौदा संघांच्या स्पर्धेत आठ संघांचं मीठ ह्याच्या पोटात. उरलेल्या संघांविरुद्ध ह्याचा गोल कधी व्हायचाच नाही. म्हणजे हिशोब असा, की ह्या गृहस्थाने गेल्या कित्येक वर्षांत स्वतःच्या गोलाचा आनंद एकदाही केलेला नव्हता. चेंडू जाळीत गेला की हा समाचाराला आल्यासारखा उभा.

हे त्याला शिकवलं त्याच्या दलालाने. दलाल स्वतःला सल्लागार म्हणवून घेई, बाकी सगळे त्याला मामा म्हणत. कराराची बोलणी करायची, गाव ठरवायचं, खेळाडूला गाडीत बसवून द्यायचं, ही त्याची कामं.

"राजा, एक लक्षात ठेव," मामा म्हणायचा. "जुन्या घराचं दार कधी आपटायचं नाही. लोटून ठेवायचं. उद्या पाऊस आला तर?"

"पण मामा, मी कुणाच्याच घरात कायमचा का नाही?"

"कारण तू चांगला आहेस. वाईट खेळाडू कुणी घेत नाही, फार चांगला कुणी सोडत नाही. तू मधला."

अकराव्या क्लबात मात्र नवल घडलं. दोन वर्षं तिथे निघाली. बायकोला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचं काम मिळालं. ती गिऱ्हाइकांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि घरी येऊन नवऱ्याला सांगायची, "आज एका माणसाला खालची ओळ दिसत नव्हती. मी म्हटलं काळजी करू नका, माझ्या नवऱ्याला पुढचं वर्ष दिसत नाही." मुलगी बारा वर्षांची. ही तिची सहावी शाळा. आधीच्या प्रत्येक शाळेत हजेरीपटावर तिचं नाव सगळ्यात खाली, पेनने लिहिलेलं असायचं. इथे दुसऱ्या वर्षी ते छापील आलं, मधे, आपल्या अक्षराच्या जागी. त्या दिवशी तिने घरी येऊन जाहीर केलं, "मी इथून हलणार नाही. तुम्ही दोघं जा, सुट्टीत भेटायला या."

करार त्याच हंगामाला संपत होता. क्लबचे अध्यक्ष गाद्यांचे कारखानदार. त्यांच्या कचेरीत खुर्च्यांपेक्षा गाद्या जास्त. बोलायला गेलेल्या माणसाला बसावं की आडवं व्हावं, कळत नसे. बिऱ्हाडकरू तीनदा गेला, तिन्ही वेळा कमरेपर्यंत रुतून बसला.

"साहेब, कराराचं..."

"शेवटचा सामना होऊ दे. मग बसू."

शेवटचा सामना म्हणजे जीवनमरणाचा. जिंकलो तर राहिलो, नाहीतर क्लब खालच्या गटात. समोरचा संघ ह्याचा चौथा क्लब. तिथे तो चार महिने होता. त्यातली अकरा मिनिटं मैदानात, बाकी राखीव बाकावर.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग कुणाच्या तरी पायाला लागून चेंडू उसळला आणि चौकटीच्या कडेला उभ्या बिऱ्हाडकरूसमोर आला. पास द्यायला कुणी दिसेना, म्हणून नाइलाजाने त्याने मारला. गोल!

सगळं मैदान उभं राहिलं. प्रशिक्षकांनी पाण्याची बाटली आकाशात फेकली, ती त्यांच्याच डोक्यावर आली. अध्यक्षांनी शेजारच्या अनोळखी बाईंना मिठी मारली. दहा सहकारी हात पसरून धावत सुटले, आणि बिऱ्हाडकरूने दोन्ही पंजे वर केले. थांबा. मान खाली. ओठ आत. समोरच्या प्रेक्षकांकडे तोंड करून तो असा उभा, जणू त्यांच्या घरातलं कुणी गेलंय आणि ह्याला फारच वाईट वाटतंय.

दहा जण जागच्या जागी थबकले. मिठीसाठी पसरलेल्या हातांचं काय करायचं, कळेना. एकाने केस नीट केले.

तिकडे पाहुण्या प्रेक्षकांत वेगळाच घोळ.

"हा हात का दाखवतोय आपल्याला?"

"आपल्याकडे होता म्हणे."

"कधी? मी तीस वर्षं येतोय."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला. वर मथळा, क्लब वाचला. खाली वाचवणाऱ्याचा चेहरा, क्लब बुडाल्यासारखा.

"बाबा, हे काय आहे?" मुलीने पेपर त्याच्या ताटापुढे धरला.

"हात आपोआप गेले गं."

"अकरा मिनिटांसाठी?"

"सवय."

बायकोने फोटो दोन्ही बाजूंनी पाहिला. "सासुरवाडीला पहिल्यांदा आलास तेव्हाही असाच उभा होतास. माझ्या बाबांना वाटलं, लग्नाचा पश्चात्ताप होतोय."

अध्यक्षांचं बोलावणं अकरा वाजता आलं. ह्या वेळी त्यांनी त्याला गादीवर बसायला सांगितलं नाही. पेपर टेबलावर होता.

"मी सतरा वर्षं हा क्लब पोसतोय," ते म्हणाले. "आम्ही वाचलो, आणि तू त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केलीस?"

"साहेब, रीत आहे..."

"रीत! मला पुढच्या हंगामाच्या तिकिटांवर हा गोल छापायचाय. हा चेहरा छापला तर लोक तिकीट परत आणून देतील. वर सांत्वन करून जातील." ते खिडकीपाशी गेले, परत आले. "शनिवारी सकाळी मैदानावर ये. फोटोवाला येईल. पुन्हा गोल मार आणि माणसासारखा आनंद कर. मग करारावर सही. नाही जमलं, तर तू आमचा नाहीस असं मी समजेन."

बाहेर पडला तोच मामाचा फोन.

"राजा, कमाल केलीस! तुझी माफी कालच्या समोरच्या क्लबच्या अध्यक्षांच्या काळजाला भिडली. म्हणतात, हा कोण ते आठवत नाही, पण असा माणूस पाहिजे. दोन वर्षं द्यायला तयार आहेत!"

"इथून किती लांब?"

"विमानाने जवळच आहे."

घरी त्याने दोन्ही बातम्या सांगितल्या. मुलीने दुसरी ऐकलीच नाही. तिने सोफा भिंतीला सरकवला, मधली जागा मोकळी केली आणि उशी फेकली. "हा चेंडू. तो दरवाजा गोल. चल, आनंद कर."

बिऱ्हाडकरूने उशी लाथाडली आणि उडी मारली.

"पार्सल आल्यासारखा दिसतोयस. पुन्हा."

त्याने मूठ आवळली.

"बस पकडतोयस? पुन्हा. ओरड काहीतरी."

"काय ओरडू?"

"जे मनात येईल ते!"

त्याने विचार केला, छाती भरून घेतली आणि ओरडला, "झाला!"

स्वयंपाकघरातून बायको धावत आली. "काय झालं? कोण पडलं?"

शुक्रवारपर्यंत रोज संध्याकाळी तालीम झाली. तो गुडघ्यांवर घसरून पाहायचा, सतरंजी त्याच्याबरोबर घसरायची. हात पसरून पळायचा, दिव्याला लागायचा. पस्तिशीचा धट्टाकट्टा माणूस, पण खुश कसं व्हायचं ते त्याच्या पायांना ठाऊक नव्हतं. सहावीतल्या नाटकातलं झाडसुद्धा ह्याच्यापेक्षा मोकळं हललं होतं, असं मुलीचं मत पडलं. निजताना तो बायकोला म्हणाला, "पहिल्या क्लबात मी नाचायचो गं. आठवतं तुला?"

"आठवतं. वाईटच नाचायचास. पण नाचायचास."

शनिवारी सकाळी मैदान रिकामं होतं. अध्यक्ष होते, फोटोवाला होता, बायको आणि मुलगी पहिल्या रांगेत. गोलात उभं करायला कुणी मिळेना, म्हणून धुलाईकाकांना बोलावलं. काका एकतीस वर्षं क्लबचे कपडे धूत होते. त्यांना हातमोजे चढवले आणि बजावलं, "काका, फक्त उभं राहायचं. चेंडू आत जाऊ द्यायचा."

"हो हो," काका म्हणाले.

बिऱ्हाडकरूने हलका चेंडू मारला. काकांनी उजवीकडे झेप घेतली आणि तो अडवला.

"काका!" अध्यक्ष ओरडले.

"चुकून गेला हात, साहेब."

दुसरा चेंडू. काकांनी डावीकडे, हवेत अक्षरशः आडवं होऊन, तो बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. उठून त्यांनी गुडघे झटकले. चेहऱ्यावर असं समाधान, की त्यांना रागवायचं धैर्य कुणाला होईना.

"एकतीस वर्षं दुसऱ्यांचे चिखलाचे डाग काढले," ते फोटोवाल्याला म्हणाले. "आज माझे स्वतःचे आहेत."

तिसरा चेंडू बिऱ्हाडकरूने जोरात मारला. काका उडाले, हुकले, चेंडू जाळीत. आता! मुलगी उभी राहिली. फोटोवाला गुडघ्यावर बसला. बिऱ्हाडकरूने पाहिलं, काका पालथे पडलेत. त्याचे दोन्ही पंजे छातीपाशी वर आले, मान खाली गेली. "सॉरी, काका."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली ठेवला.

"ही माफी कुणाला?" अध्यक्षांचा आवाज चढला. "काकांच्या क्लबकडून खेळला होतास का तू?"

"साहेब," मुलगी मैदानात उतरली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो घरी पण असाच आहे. बुद्धिबळात माझा घोडा मारला तरी सॉरी म्हणतो. लिफ्टमध्ये आरशाला जागा देतो."

"तू मधे बोलू नकोस," अध्यक्ष म्हणाले, आणि त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. "सरळ सांग. तुला इथे का राहायचंय?"

"लहानपणापासून माझं एकच..." बिऱ्हाडकरूने सुरुवात केली. पहिल्या रांगेतल्या बायकोने कपाळाला हात लावला. तो थांबला. पुढची वाक्यं पाठ होती, अकरा वेळा म्हटलेली. ती तोंडात आली आणि तिथेच राहिली.

"हिची शाळा इथे आहे," तो म्हणाला. "सहावी आहे. सातवी नको."

"एवढंच?"

"एवढंच."

"क्लबवर प्रेम वगैरे?"

"बरा आहे क्लब. गवत नीट कापतात."

 अध्यक्ष राखीव बाकावर जाऊन बसले.

"गेल्या वर्षी चौघांनी मला सांगितलं, क्लब आमच्या रक्तात आहे," ते म्हणाले. "चौघंही रक्तासकट गेले. मी गाद्या विकतो रे. गिऱ्हाईक येऊन सांगतं, कंबर दुखते. त्याच्यावर विश्वास ठेवायचा. जो सांगतो, तुमच्या गाद्यांवर माझं प्रेम आहे, तो फुकटात उशी मागायला आलेला असतो." त्यांनी खिशातून कराराचे कागद काढले. "कंबर खरी दिसते तुझी. दोन वर्षं?"

"माझी शाळा अजून चार वर्षं आहे," मुलगी म्हणाली.

"हा चार वर्षं पळेल?"

"नाही पळणार," बिऱ्हाडकरूच म्हणाला.

"मग पुढची दोन वर्षं पोरांना शिकवेल," मुलगी म्हणाली. "पास द्यायला. तेवढं येतं त्याला."

"बघू."

"बघू नाही. लिहा."

बायको हसू दाबायला दुसरीकडे पाहू लागली. काकांनी धुण्याची टोपली उलटी करून टेबल केलं. अध्यक्ष वाकून लिहू लागले. मधेच फोटोवाल्याने विचारलं, "मग तिकिटावर काय छापायचं?"

"काकांचा छाप. दुसरा चेंडू. घेतलाय ना?"

"घेतलाय."

बिऱ्हाडकरूचा फोन वाजला, मामाचा. "राजा, हो सांगू ना त्यांना?"

"नको, मामा. इथेच राहतोय."

"कारण काय देऊ?"

"शाळा आहे म्हणावं."

"कुणाला, तुला?"

त्याने फोन खिशात टाकला आणि सही केली. मुलीने कागद उचलला, वाचला, पुन्हा वाचला. मग बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, मुलीच्या सहावीपासून पुढे चार वर्षं.

"साहेब, सहावी शाळा आहे. इयत्ता सातवी."

अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला, सहावी खोडलं, वर सातवी लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली.